उमेदवार स्त्री आणि बातमीदाराची लेखणी



स्मृतिव्याख्यानाच्या व्यासपीठावरून सर्वांना रुचेल असा निरुपद्रवी विषय मांडला, तर ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो त्यांचा तो गौरव होत नाही, असे मी मानते. म्हणून ज्या विषयाची चर्चा निवडणुकीच्या धामधुमीत कोणी करीत नाही आणि निकाल लागल्यावर ज्याची कोणाला आठवणही उरत नाही, तो विषय मी आज मुद्दाम घेतला आहे. स्त्री जेव्हा निवडणुकीला उभी राहते, तेव्हा आपली वृत्तपत्रे, आणि आता त्यांच्या जोडीला आलेल्या दूरचित्रवाहिन्या, तिच्याविषयी काय लिहितात, काय दाखवितात, आणि काय लिहावयाचे राहून जाते?

हा विषय मुंबई-पुण्याच्या सभागृहात मांडावा, माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडसारख्या गावी त्याचे काय प्रयोजन, असे कोणी विचारील. माझे म्हणणे असे की, या विषयावर बोलण्याचा अधिकार बीड जिल्ह्याइतका महाराष्ट्रातल्या थोड्याच जिल्ह्यांना आहे. 1980 साली केशरबाई सोनाजीराव क्षीरसागर येथून लोकसभेवर गेल्या. 1984 साली पुन्हा आणि 1991 साली तिसऱ्यांदा गेल्या. 1996 साली रजनी पाटील निवडून आल्या. 2014 च्या ऑक्टोबरातील पोटनिवडणुकीत डॉ. प्रीतम मुंडे यांना 6,96,321 इतके मताधिक्य मिळाले, देशभर ज्याचा विक्रम म्हणून उल्लेख झाला, आणि 2019 साली त्या पुन्हा विजयी झाल्या. म्हणजे 1980 ते 2024 या चव्वेचाळीस वर्षांतला निम्म्याहून अधिक काळ या जिल्ह्याचे लोकसभेतील प्रतिनिधित्व स्त्रीने केले. शेजारच्या केजमधून डॉ. विमल मुंदडा 1990 पासून पाच वेळा विधानसभेवर गेल्या आणि राज्याच्या आरोग्यमंत्री झाल्या. परळीतून पंकजा मुंडे दोनदा निवडून येऊन ग्रामविकास खात्याच्या मंत्री झाल्या. अवघ्या महाराष्ट्राने 2024 च्या विधानसभेत 288 पैकी केवळ 21 स्त्रिया निवडून पाठविल्या, आणि त्या निवडणुकीतल्या 4,136 उमेदवारांत स्त्रिया होत्या फक्त 363, हे ध्यानात घेतले म्हणजे बीडचे वेगळेपण उघड होते. येथे स्त्रीला उमेदवारी मिळते, मतेही मिळतात. मग येथे तिला काय मिळत नाही? माझे उत्तर असे आहे की, राजकारणी म्हणून जी नोंद व्हावयास हवी ती नोंद तिला मिळत नाही. ती निवडून येते, मंत्री होते, पराभूत होते, आणि या साऱ्याची हकीकत छापली जाते ती घराण्याच्या कौटुंबिक कथेतले एक प्रकरण म्हणून.

आता पहिला मुद्दा.

स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक 1951-52 साली झाली. बीड जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यात होता, आणि येथील स्त्रीने प्रौढ मताधिकाराने पहिले मत दिले ते याच निवडणुकीत. त्या वेळचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे एक विलक्षण अडचण उभी राहिली. उत्तरेकडील प्रांतांत मतदारयाद्या तयार होत असता लक्षावधी स्त्रियांनी परक्या माणसाला आपले नाव सांगणे रीतीला सोडून आहे असे समजून ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ अशी स्वतःची नोंद करविली होती. सेन यांनी अशी नोंद ग्राह्य धरण्यास नकार दिला. काही ठिकाणी मुदत वाढवून दिली, समजूत घालण्याचे प्रयत्न केले, आणि एवढे करूनही ज्यांनी आपले नाव सांगितले नाही अशा सुमारे 28 लाख स्त्रियांची नावे याद्यांतून वगळली. निर्णय कठोर होता. त्या स्त्रियांचा त्या वेळचा हक्क त्यामुळे बुडाला, हे मी विसरत नाही. परंतु त्या निर्णयामागचे तत्त्व पाहा: नागरिक म्हणून सरकारी दप्तरी यावयाचे असेल तर स्त्रीने स्वतःच्या नावाने यावे, कोणाची तरी कोणी म्हणून येऊ नये.

सरकारी दप्तराने 1951 साली जी नोंद नाकारली, ती आपल्या मथळ्यांनी 2024 साली आनंदाने स्वीकारली. बारामतीची लोकसभेची लढत आठवा. एका बाजूला त्या मतदारसंघाचे तीन वेळा प्रतिनिधित्व केलेल्या सुप्रिया सुळे, दुसऱ्या बाजूला प्रथमच निवडणूक लढविणाऱ्या सुनेत्रा पवार. एका पक्षाची दोन शकले झाली होती, त्याचे चिन्ह कोणाकडे आणि नाव कोणाकडे हा वाद न्यायालयापर्यंत गेला होता; महाराष्ट्राच्या राजकारणातला एवढा मोठा पेच, आणि त्याला मथळा मिळाला ‘नणंद विरुद्ध भावजय’. एकाच वृत्तपत्राने तो दिला असता तर मी त्याकडे दुर्लक्ष केले असते. तो सर्वांनी दिला, रोज दिला, आणि वाहिन्यांवरच्या निवेदकांनी तो सणावारी गावयाच्या गाण्यासारखा घोळून घोळून म्हटला. घरातली दोन पुरुष माणसे विरुद्ध पक्षांत गेली की तो ‘सत्तासंघर्ष’ होतो; घरातल्या दोन स्त्रिया एकमेकींविरुद्ध उभ्या राहिल्या की ते घरगुती भांडण ठरते. हा भेद कोणी केला? मतदारांनी तर केला नाही. त्यांनी दीड लाखांहून अधिक मतांच्या फरकाने आपला निर्णय दिला आणि ते आपापल्या कामाला गेले.

त्याच वर्षी महाराष्ट्रातून 48 पैकी सात स्त्रिया लोकसभेवर गेल्या. त्यांतल्या रक्षा खडसे यांचेच पाहा. कोथळी गावच्या सरपंच, मग जळगाव जिल्हा परिषदेच्या सदस्य, आणि 2014 पासून सलग तीन वेळा खासदार. ग्रामपंचायतीच्या पायरीपासून केंद्रीय मंत्रिमंडळापर्यंत आलेल्या पुरुषाच्या अशा चढत्या कारकीर्दीवर आपल्याकडे रविवारच्या पुरवण्या निघाल्या असत्या. त्यांची ओळख मात्र अजूनही बातमीच्या पहिल्या ओळीत ‘खडसे यांच्या सूनबाई’ अशी होते. आपल्या केशरकाकू क्षीरसागर यांचेही तसेच. राजुरी नवगणच्या सरपंचपदापासून सुरुवात करून ज्यांनी तीन वेळा संसदेत जिल्ह्याचे प्रतिनिधित्व केले, त्यांच्या संसदेतल्या कामाचा तपशील या जिल्ह्यातल्या किती सुशिक्षित माणसांना सांगता येईल? त्यांच्या घराण्यातल्या पुढच्या पिढ्यांच्या फाटाफुटी मात्र शाळकरी मुलालाही पाठ आहेत.

येथे एखादा जाणता श्रोता मनात म्हणत असेल, की बाई, तुम्ही सत्यच नाकारता आहात. या स्त्रिया घराण्यांमुळेच राजकारणात आल्या, मग बातमीदाराने ते लिहू नये काय? त्याने ते अवश्य लिहावे. घराणेशाही हा आपल्या लोकशाहीचा खरा आजार आहे, आणि त्याची चिकित्सा वृत्तपत्रांनी निर्भयपणे केली पाहिजे. माझी तक्रार अशी आहे, की ही चिकित्सा पुरुषाच्या बाबतीत एका भाषेत होते आणि स्त्रीच्या बाबतीत दुसऱ्या. पुरुषाला वारसा ‘मिळतो’, तो वारसा तो ‘चालवितो’, ‘वाढवितो’ किंवा ‘गमावितो’; या सर्व क्रियांचा कर्ता तो असतो. स्त्री मात्र वारशाची लाभार्थी म्हणूनच राहते. परळीत 2019 साली दोन्ही उमेदवार एकाच घराण्यातले होते. एक राज्याच्या विद्यमान मंत्री, दुसरे विधान परिषदेतले विरोधी पक्षनेते. पाच वर्षे सत्तेत असलेल्या मंत्र्यावर विरोधी पक्षनेत्याने तीस हजारांहून अधिक मतांनी मात केली, ही केवढी मोठी राजकीय घटना! पण आपण ती वाचली कशी? बहीण आणि भाऊ म्हणून, रक्ताचे नाते आणि रुसवेफुगवे म्हणून. पाच वर्षांत ग्रामविकास खात्याने परळी मतदारसंघाला काय दिले, काय दिले नाही, याचा हिशेब कोणी मांडला असेल तर तो आतल्या पानावरच्या एका कोपऱ्यात राहिला.

उमेदवार स्त्रियांचाही यात वाटा आहे, हे बोलल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ‘तुमची लेक’, ‘तुमची बहीण’, ‘पदर पसरून मत मागते’ ही भाषा व्यासपीठावरून त्या स्वतः वापरतात, कारण या भाषेला मते पडतात असा त्यांचा अनुभव आहे. आणि ज्या समाजात परक्या स्त्रीशी बोलताना पुरुष तिला ताई, काकू, अक्का म्हणतो तेव्हाच तो सभ्यतेच्या मर्यादेत आहे असे समजले जाते, तेथे ही भाषा टाळणे सोपे नाही. सभेतली ती भाषा मला परकी वाटत नाही. परंतु बातमीदार सभेतला श्रोता असला तरी सभेचा सोयरा नव्हे. उमेदवाराने स्वतःला लेक म्हणवून घेतले तरी तो तिला उमेदवारच म्हणेल, तिच्या नावाने, तिच्या पदाने आणि तिच्या पक्षाने तिचा उल्लेख करील, ही अपेक्षा अवाजवी आहे काय?

लोकांनी दिलेली सगळीच नावे नात्याची असतात असेही नाही. मृणाल गोरे यांना मुंबईने ‘पाणीवाली बाई’ म्हटले ते पाण्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे केलेल्या लढ्यामुळे. 1977 साली ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा घरोघर पोचली तेव्हा एका स्त्रीचा विजय आणि दुसऱ्या स्त्रीचा पराभव त्या एका ओळीत आला होता, आणि त्यात कोणाची कन्या, कोणाची पत्नी याचा मागमूस नव्हता. नाव कामावरून पडू शकते. स्त्रीची ओळख पुरुषावरून देण्याचा दोष परदेशांतही आहे, हे जाता जाता सांगते: 1997 साली ब्रिटनच्या संसदेत मजूर पक्षाच्या 101 स्त्रिया निवडून आल्या, तेव्हा तेथील वृत्तपत्रांनी पंतप्रधानांच्या नावावरून त्यांना ‘ब्लेअर्स बेब्स’ असे नाव दिले, शंभरावर लोकप्रतिनिधी, आणि ओळख एका पुरुषाची.

दुसरा मुद्दा अधिक कटू आहे. स्त्रीच्या चारित्र्याचा न्यायनिवाडा वर्तमानपत्रांतून करण्याची आपली सवय जुनी आहे. 1832 साली ‘दर्पण’ निघाले आणि मराठी वृत्तपत्रे जन्माला आली. त्यानंतर पन्नास वर्षांनी, 1882 साली, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिले. सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या एका विधवेवर नवजात बालकाच्या हत्येचा खटला होऊन तिला शिक्षा झाली, आणि त्या निमित्ताने वृत्तपत्रांनी साऱ्या स्त्रीजातीच्या नीतीची जी उठाठेव केली, तिला ताराबाईंनी दिलेले ते उत्तर होते. वऱ्हाडातल्या एका गावी बसलेल्या स्त्रीला शहरातल्या वृत्तपत्रांशी असा उभा वाद घालावा लागला. आजच्या निवडणुकीतली स्त्री याच वादाची वारस आहे.

आज हे कसे चालते ते पाहा. पुढारी एखादे हीन वाक्य बोलतो. वृत्तपत्र ते छापते, वाहिनी ते दिवसभर ऐकविते. मग त्या स्त्रीला प्रतिक्रिया विचारली जाते, मग तिच्या पक्षाला, मग बोलणाऱ्याला, मग त्याच्या पक्षाला. आणि ती ज्या विषयावर बोलत होती तो विषय दोन दिवसांत नाहीसा होतो. 2022 च्या मे महिन्यात सुप्रिया सुळे इतर मागासवर्गीयांच्या स्थानिक स्वराज्य संस्थांतील आरक्षणाविषयी राज्यकर्त्यांना जाब विचारीत होत्या. चंद्रकांत पाटील यांनी त्यांना घरी जाऊन स्वयंपाक करण्याचा सल्ला दिला, आणि पुढे दिलगिरीही व्यक्त केली. आज तुम्हाला त्यातले काय आठवते? स्वयंपाक आठवतो, आरक्षणाचा मुद्दा कोणाच्या स्मरणात नाही, आणि तो प्रश्न तर लक्षावधी लोकांचा होता! 2024 च्या विधानसभा निवडणुकीत मुंबादेवीच्या उमेदवार शायना एन. सी. यांच्याविषयी अरविंद सावंत यांनी ‘माल’ हा शब्द वापरला. त्या शब्दाचा निषेध झाला तो योग्यच झाला. पण त्या मतदारसंघातल्या जुन्या, मोडकळीला आलेल्या इमारतींविषयी त्या उमेदवाराचे म्हणणे काय होते, हे त्यानंतर कोणी विचारले?

माझे म्हणणे अवमानाची बातमी दडपावी असे मुळीच नाही. बोलणाऱ्याला जाब विचारा, त्याच्या पक्षाच्या अध्यक्षाला विचारा, निवडणूक आयोगाला विचारा. ज्या स्त्रीचा अवमान झाला तिला मात्र, दुसऱ्याच्या तोंडच्या घाणीचे स्पष्टीकरण न मागता, तिच्या जाहीरनाम्याविषयी विचारा.

आणि स्त्री उमेदवाराला कठोर प्रश्न विचारू नयेत, असा कोणी माझ्या बोलण्याचा अर्थ करील, तर तो साफ चुकीचा ठरेल. 2015 साली पंकजा मुंडे यांच्या महिला व बालविकास खात्यातील सुमारे 206 कोटींच्या खरेदीविषयी, चिक्कीपासून चटयांपर्यंतच्या, निविदा न काढल्याचे आक्षेप घेऊन वृत्तपत्रांनी त्यांना खडसावून विचारले. त्यांनी आरोप नाकारले, आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने पुढे त्यांना निर्दोष ठरविले. त्या प्रकरणात वृत्तपत्रे त्यांच्याशी जशी वागली तसेच वागले पाहिजे, असे मी निःसंकोच म्हणते. कारण तेथे प्रश्न मंत्र्याला होते, शासननिर्णयाविषयी होते, जनतेच्या पैशाविषयी होते. याच स्त्रीला 2019 साली प्रचाराच्या अखेरच्या दिवशी परळीच्या सभेत भोवळ आली तेव्हा ते दृश्य ज्या तन्मयतेने पुनःपुन्हा दाखविले गेले, त्यात मात्र प्रश्न कोणताच नव्हता. कठोर प्रश्न हा लोकप्रतिनिधीचा सन्मान आहे. तिचा देह, तिचे अश्रू, तिची साडी, तिचा आवाज चढणे किंवा थरथरणे, याकडे लावलेली टक ही पत्रकारिता नव्हे.

तिसरा मुद्दा या गावाच्या अगदी जवळचा आहे, आणि त्यावर मला थोडे थांबावयाचे आहे.

उमेदवार स्त्रीविषयी असे लिहिले गेल्याने नुकसान कोणाचे होते? तिचे होतेच, पण तिच्याहून अधिक नुकसान मतदार स्त्रीचे होते. या जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उतरतात. त्या टोळ्यांतल्या स्त्रिया पहाटेपासून फडात राबतात, मोळ्या वाहतात, कोपीवर येऊन स्वयंपाक करतात. एक दिवसाचा खाडा पडला तर मजुरी कापली जाते. 2019 च्या एप्रिलात, लोकसभेच्या प्रचाराच्या ऐन दिवसांत, या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रकरण देशभर गाजू लागले. त्यानंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, आणि त्यांतल्या 13,861 स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याचे आढळले. त्या वेळी जिल्ह्याच्या खासदार स्त्री होत्या आणि व्यवसायाने डॉक्टर होत्या; महिला व बालविकास खात्याच्या मंत्री याच जिल्ह्यातल्या होत्या. कोणत्याही जाणत्या संपादकाने हा प्रश्न हाती घेऊन त्यांच्यापुढे आणि त्यांच्या प्रतिस्पर्धी पुरुषांपुढे एकसारखा मांडावा, आणि उत्तरे शेजारी शेजारी छापावीत, याहून मोठी निवडणूक-वार्ता कोणती असू शकत होती? त्या वर्षीच्या विधानसभेच्या प्रचारात परळीहून रोज बातमी आली ती भावाबहिणीची. 2024 साली लोकसभेला जातीची गणिते आली, आणि पंकजा मुंडे 6,553 मतांनी पराभूत झाल्या तेव्हा त्या निकालाचा अर्थही केवळ जातीच्या भाषेत सांगितला गेला. त्याच वर्षी विधानसभेचे मतदान 20 नोव्हेंबरला होते आणि गाळपाचा हंगाम 15 नोव्हेंबरला सुरू झाला. फडावर गेलेल्या स्त्रीने मत द्यावयाचे कसे? हा प्रश्न कोणत्या उमेदवाराला, पुरुषाला वा स्त्रीला, पहिल्या पानावर विचारला गेला?

हा प्रश्न विचारला जात नाही याचे एक कारण बातमी लिहिणाऱ्यांत आहे. 1995 पासून दर पाच वर्षांनी जगातल्या अनेक देशांतल्या बातम्यांची एक पाहणी होते. बातमीत जी माणसे दिसतात किंवा बोलतात त्यांत स्त्रिया 1995 साली शंभरांत 17 होत्या. पंचवीस वर्षांनी, 2020 साली, त्या 25 झाल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी तानुबाई बिर्जे यांनी ‘दीनबंधु’चे संपादन केले, एवढा जुना वारसा मराठीला आहे, तरीही तालुक्याच्या ठिकाणी राजकारणाच्या बातम्या देणारी स्त्री आजही शोधावी लागते. आपल्या जिल्ह्यात ‘झुंजार नेता’, ‘चंपावतीपत्र’, ‘लोकाशा’ यांसारखी दैनिके निघतात, आणि महानगरी वृत्तपत्रांना जे दिसत नाही ते गावपातळीवर पाहण्याची शक्ती जिल्हा दैनिकांत आहे; म्हणून माझी खरी आशा त्यांच्याकडून आहे. ऊसतोडीला गेलेल्या घरातली शिकलेली मुलगी ज्या दिवशी माजलगावची राजकीय वार्ताहर होईल, त्या दिवशी उमेदवाराला विचारावयाचे प्रश्न आपोआप बदलतील.

गावाच्या कारभारातही हेच चालले आहे. महाराष्ट्राने 2011 साली स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांना निम्म्या जागा दिल्या. आज हजारो स्त्रिया सरपंच आहेत. ग्रामपंचायतीच्या कामाची बातमी येते तेव्हा छायाचित्रात कोण असतो? सरपंचाचे पती. उद्घाटनाची फीत कोण कापतो? सरपंचाचे पती. बातमीत ‘सरपंच’ म्हणून कंसात नाव स्त्रीचे, आणि बोललेले शब्द तिच्या नवऱ्याचे! यात बातमीदाराचा दोष निम्मा असेल, तर तो अंक वाचून गप्प बसणाऱ्या आपणा सर्वांचा दोष उरलेला निम्मा आहे.

2023 साली संसदेने लोकसभा व विधानसभांत स्त्रियांना एक तृतीयांश जागा देणारी घटनादुरुस्ती संमत केली. जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना झाल्यावर ती अमलात यावयाची आहे. त्या वेळी महाराष्ट्राच्या विधानसभेत एकवीस नव्हे, आजच्या 288 जागांच्या हिशेबाने किमान शहाण्णव स्त्रिया असतील. त्या सगळ्या काही घराण्यांतून येणार नाहीत. त्यांतल्या अनेकजणी सरपंचपदावरून, बचतगटांतून, शाळांतून, शेतांतून येतील, आणि त्यांच्याविषयी लिहिण्यासाठी ‘अमक्याची लेक’ ही सोय बातमीदाराला उपलब्ध नसेल. त्यासाठी लेखणीला आजपासून वळण लावले पाहिजे.

म्हणून समोर बसलेल्या तरुण वार्ताहरांना माझी विनंती आहे. उमेदवार स्त्री असो वा पुरुष, अर्जासोबतचे शपथपत्र काढून वाचा. शिक्षण, मालमत्ता, गुन्हे, मागच्या पदावर केलेले काम, हे एकाच तक्त्यात दोघांचे शेजारी शेजारी छापा. आणि दिंद्रुडच्या माझ्या भगिनींना माझे सांगणे आहे: पुढच्या वेळी ग्रामपंचायतीच्या बातमीत सरपंच स्त्रीच्या जागी तिच्या पतीचे छायाचित्र दिसले, तर संपादकाला चार ओळींचे पत्र लिहा, खाली स्वतःचे संपूर्ण नाव घाला, आणि ते छापून येईपर्यंत दर आठवड्याला पाठवीत राहा.